उत्तर-चिंग चीन: सुधारक नेमके कशावरून भांडत होते?

हिशेबनीस

मराठीत चीनच्या इतिहासावर जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात १८४० ते १९११ हा मांचू वंशाच्या चिंग घराण्याचा अखेरचा काळ दोन वाक्यांत उरकलेला असतो. काही शहाणे सुधारक होते, बाकीचे सनातनी, आणि सम्राज्ञी त्सिशीने सगळ्यावर पाणी फिरवलं. ही मांडणी सोयीची आहे, पण तिच्यातून काहीच उलगडत नाही. १८९५ नंतर तरी 'काहीही बदलू नका' असं उघड म्हणणारा वजनदार विद्वान शोधून काढावा लागेल. भांडण होतं ते क्रमावरून. आधी काय? तोफा-कारखाने? सरकारी नोकरीच्या परीक्षा आणि नोकरशाही? लोकांची डोकी? की थेट सिंहासनच?

सुरुवात अफूच्या पहिल्या युद्धापासून. (ती अफू बंगालइतकीच माळव्याचीही होती आणि माळव्याची मुंबई बंदरातून जायची, हे आपल्याकडे सहसा सांगितलं जात नाही.) १८४२ च्या नानकिंग तहानंतर वेई युआनने परदेशांची माहिती देणारा मोठा ग्रंथ काढला. परक्यांचं कसब शिकून परक्यांनाच आवरायचं, हे त्याचं सूत्र. म्हणजे जहाजं, तोफा आणि कवायती फौज. १८६१ मध्ये सूचौचा फेंग ग्वीफेन एक पाऊल पुढे गेला. छोटे देश बलवान आणि आपण अवाढव्य असून दुबळे का, याची त्याने चार कारणं दिली. माणसं वाया जातात, जमिनीचा पुरता उपयोग होत नाही, राजा आणि रयत यांच्यात अंतर आहे, आणि कागदावर एक नि प्रत्यक्षात दुसरंच असतं. या चारही गोष्टी आपल्या आपण सुधारता येतील, बाहेरून फक्त जहाजं आणि तोफा शिकायच्या, असं तो म्हणतो. खालच्या पदांवरची माणसं गावकऱ्यांच्या मतांनी निवडावीत अशीही सूचना त्यात आहे. लेखन बरीच वर्षं बासनात पडलं होतं. १८९८ मध्ये सम्राटाने ते छापून अधिकाऱ्यांना वाटलं आणि प्रत्येकाकडून लेखी शेरे मागवले.

मग १८९५. जपानकडून पराभव आणि २० कोटी तैल चांदीची खंडणी (तैल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम). जपानने घेतलेलं ल्याओडोंग द्वीपकल्प परत मिळवायला आणखी ३ कोटी. दरबाराचा वर्षाचा महसूल होता ८-९ कोटी. इथून पुढे सगळ्यांचाच आवाज चढला.

भर घाला, खोडून काढा. फक्त 'त्सिशी दुष्ट होती' एवढाच प्रतिसाद नको.

तळटीप

१८६७ चा वाद सांगायचा राहून गेला. तो घेतल्याशिवाय 'सनातनी' म्हणजे कोण ते कळत नाही.

पेकिंगात १८६२ पासून दुभाषे तयार करणारी सरकारी शाळा होती. परराष्ट्र खात्याचा प्रमुख राजपुत्र गोंग याने तिथे खगोल आणि गणित सुरू करायचं ठरवलं. इथवर कुणाची हरकत नव्हती. हरकत आली ती विद्यार्थी कोण यावर. वरच्या परीक्षा पास झालेले, हानलिन अकादमीतले (दरबारच्या सर्वोच्च विद्वत्सभेतले) विद्वान यांनी परदेशी मास्तरांसमोर बसून शिकायचं, अशी योजना होती. महापंडित वोरेनने अर्ज केला. राज्य नीतीवर उभं राहतं, डावपेचांवर नाही. मूळ प्रश्न माणसांच्या मनाचा आहे, हुन्नराचा नाही. आणि गणितच हवं असेल तर एवढ्या मोठ्या देशात शिकवणारा चिनी मिळणार नाही का?

गोंगने हाच शेवटचा मुद्दा उचलला. सम्राटाकडून आज्ञा निघाली: वोरेनसाहेबांनी असे शिक्षक सुचवावेत आणि स्वतंत्र शाळा काढावी. त्यांच्याकडे एकही नाव नव्हतं. वर त्यांची नेमणूक परराष्ट्र खात्यातच करून टाकली. बिचारे आजारपणाची रजा टाकून सुटले.

वादात गोंग जिंकला, शाळा मात्र हरली. नामवंत विद्वान फिरकलेच नाहीत. जेमतेम ३० जण घेतले, त्यातले वर्षभरात १० उरले. कारण साधं होतं. बढतीची शिडी जुन्या परीक्षेतूनच जात होती, गणित शिकून त्या शिडीची एकही पायरी चढता येत नव्हती. 'डोकी बदला' म्हणणाऱ्यांनी आधी शिडी बदलायला हवी होती. ती बदलायला पुढे ३८ वर्षं लागली.

भट्टीवाला

'आधी कारखाने' या मताची परीक्षा हानयांगच्या पोलाद कारखान्याइतकी चोख दुसरीकडे कुठे झाली नसेल, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

कारखाना झांग झिडोंगचा. कॅन्टनला प्रांतपाल असताना १८८९ मध्ये त्याने लंडनच्या वकिलातीमार्फत यंत्रांची मागणी नोंदवली. तोवर कुठलं खनिज आणि कुठला कोळसा वापरायचा हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे तपासायला नमुनेही पाठवले गेले नाहीत. पुढे त्याची बदली हुबेई प्रांताच्या राजधानीला, वूचांगला झाली आणि यंत्रंही त्याच्या मागोमाग तिकडे गेली. जागा निवडली नदीपलीकडे हानयांगच्या टेकडीखाली. का, तर साहेबांच्या कचेरीतून देखरेख करता यावी. सखल जमीन, भराव घालण्यातच बेसुमार पैसा गेला. खनिज डायेचं, नदीच्या खालच्या अंगाला १०० किलोमीटरहून लांब. कोकसाठी जवळचा कोळसा चालेना, म्हणून कोक उत्तरेतल्या काइपिंगहून आणि काही वेळा थेट युरोपातून.

१८९४ मध्ये झोतभट्टी पेटली. लोखंड झालं, पण रूळ तडकू लागले. घोटाळा असा: पोलाद करायला होती दोन बेसेमर भांडी (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करणारी), आतून वाळूच्या विटांचं, म्हणजे आम्लधर्मी अस्तर असलेली. डायेच्या खनिजात फॉस्फरस जास्त. भट्टीत फॉस्फरसचं ऑक्साइड होतं तेही आम्लधर्मी, त्याला बांधून मळीत (वर तरंगणाऱ्या वितळलेल्या गाळात) काढायला चुना लागतो. आणि चुना घातला की वाळूचं अस्तर खाल्लं जातं. म्हणजे या भांड्यात फॉस्फरस काढणं शक्यच नव्हतं, तो जसाच्या तसा पोलादात उतरायचा. रुळांना ०.०८ टक्क्यांच्या आत चालतो, हानयांगच्या पोलादात ०.२ च्या आसपास. असं पोलाद थंडीत काचेसारखं ठिसूळ. मॅग्नेसाइट-डोलोमाइटचं, म्हणजे अल्कधर्मी अस्तर वापरून हा प्रश्न इंग्लंडमध्ये १८७८-७९ लाच सुटला होता. हानयांगमध्ये मार्टिन भट्टीही (पोलाद करायची दुसऱ्या पद्धतीची, उघड्या चुलीची) होती, पण एकच आणि लहान.

निदान व्हायला दहा वर्षं लागली. १८९६ मध्ये उद्योजक-अधिकारी शेंग श्वानह्वायने कारखाना ताब्यात घेतला. तोवर ५५ लाख तैलांहून अधिक पैसा मुरला होता. १९०४ मध्ये कारखान्यातर्फे ली वेइगे खनिज, कोक आणि पोलादाचे नमुने घेऊन इंग्लंडला गेला, तिथे रसायनतज्ज्ञाने तपासून दोष अस्तराचा असल्याचं सांगितलं. बेसेमर भांडी काढून अल्कधर्मी अस्तराच्या मार्टिन भट्ट्या बसवल्या आणि रूळ ठीक निघू लागले. मधल्या काळात कर्जापायी डायेचं खनिज जपानच्या यावाता कारखान्याला जाऊ लागलं होतं.

झांगला मूर्ख म्हणायचं कारण नाही. मुद्दा हा की यंत्र विकत मिळतं, 'आधी नमुना तपासा' म्हणणारा माणूस त्याच्याबरोबर येत नाही.

पोथीनिष्ठ

भट्टीवाले, प्रतिसाद आवडला, पण याच झांगने १८९८ मध्ये लिहिलेल्या 'शिक्षणास प्रोत्साहन' या पुस्तकाकडे बघा. २४ प्रकरणं, ९ 'आतली' आणि १५ 'बाहेरची'. आतल्यांत राजनिष्ठा, नीती, जुनी विद्या. बाहेरच्यांत शाळा, परदेशी शिक्षण, भाषांतर, वर्तमानपत्रं, खाणी, रेल्वे. गाभा आपला, वापर त्यांचा. याला हानयांगचं उत्तर ४ वर्षं आधीच मिळालं होतं असं तुम्ही म्हणाल. पण हेच पुस्तक दरबाराने प्रांतोप्रांती वाटलं, कारण बदलाला भ्यायलेल्या अधिकाऱ्याला ते धीर देत होतं.

यावर सगळ्यात झणझणीत टीका भाषांतरकार यान फूची. बैलाच्या अंगाचा उपयोग ओझं वाहायला, घोड्याच्या अंगाचा लांब पळायला. अंग बैलाचं आणि उपयोग घोड्याचा असं कुणी ऐकलंय का, असं त्याने १९०२ मध्ये विचारलं. पाश्चात्त्य विद्येलाही स्वतःचा गाभा आहे, तो सोडून नुसतं फळ उचलता येणार नाही.

यान फू मुळात नौदलाचा. फूचौच्या आरमारी शाळेत शिकला, १८७७ ते ७९ ग्रिनिचला होता. परतल्यावर तिएनत्सिनच्या नौदल शाळेत शिकवलं, आणि ते करता करता चार वेळा प्रांतिक परीक्षेला बसून चारही वेळा नापास झाला. वर तळटीप यांनी सांगितलेली शिडी ती हीच. १८९५ मध्ये त्याने तीन कामं सांगितली: लोकांची शरीरं सुधारा, बुद्धी उघडा, नीती नवी करा. संसद वगैरे त्यानंतर. मग हक्सली, ॲडम स्मिथ, स्पेन्सर, मिल, माँटेस्क्यू यांची भाषांतरं. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून पुण्यात जे मांडत होते, ते आठवल्याशिवाय राहत नाही. फरक असा की आगरकर थेट वाचकाशी भांडत होते. यान फूने भाषांतरं केली हान काळापूर्वीच्या (दोन हजारांहून अधिक वर्षांमागच्या) वळणाच्या गद्यात. १९०२ मध्ये सुधारक पत्रकार लियांग चिचाओने तक्रार केली की ही भाषा विद्यार्थ्यांना झेपणार नाही. यान फूचं उत्तर: मी शाळकरी पोरांसाठी लिहीतच नाही, जुने ग्रंथ पचवलेल्यांसाठी लिहितो. देश कोण बदलणार, याचंच हे भांडण आहे.

गोदाकाठ

कांग योवेई अजून आला नाही? त्याच्याशिवाय हा धागा म्हणजे वराशिवाय वरात.

पोथीनिष्ठ

येतोय.

कांगला संस्था बदलायच्या होत्या, पण त्यासाठी त्याने आधी कन्फ्यूशियस बदलला. १८९१ च्या पुस्तकात त्याने म्हटलं की अधिकृत मानलेल्या प्राचीन ग्रंथांपैकी काही हान काळातले बनावट आहेत. दुसऱ्या पुस्तकात, जे १८९७-९८ मध्ये निघालं, कन्फ्यूशियस हा परंपरा जपणारा नसून संस्था बदलणारा होता असं दाखवलं. इतिहास तीन युगांतून जातो: अंदाधुंदी, वाढती शांती, महाशांती. चीनने पहिल्यातून दुसऱ्यात जायचं, म्हणजे घटनात्मक राजेशाही. राजा काढायचा नाही, कारण युग ओलांडून उडी मारता येत नाही.

युक्तिवाद हुशारीचा होता. सुधारणा धर्माज्ञा ठरली की विरोध करणाराच धर्मद्रोही ठरतो. घात नेमका इथेच झाला. ज्यांना नवे कर, नव्या शाळा, नवी फौज चालली असती, त्यांनाही कन्फ्यूशियसची ही नवी मूर्ती चालेना. उदाहरण घ्या. १८९५ मध्ये कांगने शांघायमध्ये राष्ट्रबलासाठी अभ्यासमंडळ काढलं, त्याला झांग झिडोंगने पैसे दिले. मंडळाच्या पत्रावर सम्राटाच्या राजवर्षाबरोबर कन्फ्यूशियसपासून मोजलेलं वर्ष छापलं गेलं, तशी झांगने मदत बंद केली आणि पत्र गुंडाळायला लावलं. वर्षगणना हा सम्राटाचा अधिकार, ती बदलणं म्हणजे बंडाचा वास. हूनानमधले ये देहुई, वांग श्यानच्यान हे कडवे विरोधकही अडाणी नव्हते. वांग तर उद्योगांत पैसे घालणारा माणूस. त्यांचा दात कांगच्या पोथीवर आणि त्याच्या शिष्यांच्या 'लोकसत्ते'वर होता, यंत्रांवर नव्हता.

हिशेबनीस

बरोबर. आता १८९८ चे ते १०३ दिवस, ११ जून ते २१ सप्टेंबर, ज्यांत सम्राटाने सुधारणांच्या आज्ञांचा सपाटा लावला. 'आज्ञा खूप निघाल्या, अंमल झाला नाही' एवढ्यावर थांबू नये. कुठली आज्ञा कुणाच्या पोटावर आली ते बघा.

जूनमध्ये परीक्षेतला आठ-खंडी निबंध रद्द. त्याच्या तयारीत अर्धं आयुष्य घालवलेले हजारो उमेदवार एका कागदाने उघडे पडले. ३० ऑगस्टला पेकिंगमधली अर्धा डझन बिनकामाची खाती बंद, शिवाय हुबेई, ग्वांगडोंग आणि युन्नान इथली प्रांताधिकाऱ्याची पदं रद्द, कारण त्याच शहरात त्याच्या डोक्यावर प्रांतपाल बसलेला होताच. कागदावर हा निर्णय अगदी रास्त. पण काढलेल्या माणसांना दुसरं काम वा निवृत्तीची रक्कम द्यायची सोय आधी केली नव्हती. ४ सप्टेंबरला धर्मविधी आणि परीक्षा पाहणाऱ्या मंत्रालयाचे सहाही वरिष्ठ बडतर्फ, एका कनिष्ठाचा अर्ज अडवला म्हणून. दुसऱ्या दिवशी तान सितोंगसह चार तरुणांना महामंडळात (सम्राटाच्या सर्वोच्च सल्लागार मंडळात) सचिव नेमलं. हे सगळं एका आठवड्यात.

कांगची मूळ मागणी वेगळी होती: मध्यभागी एक 'संस्था कार्यालय', त्याच्या हाताखाली १२ विभाग, आणि सगळे बदल तिथून क्रमाने. ज्येष्ठांनी ती घोळवत ठेवली. मग सुट्या आज्ञा सुटत राहिल्या, आणि कांगची सम्राटाशी भेट फक्त एकदा, १६ जूनला. २१ सप्टेंबरला त्सिशीने कारभार हाती घेतला. २८ ला तान सितोंगसह सहा जणांचा शिरच्छेद. कांग आणि त्याचा शिष्य लियांग निसटले. पेकिंगचं विद्यापीठ मात्र टिकलं.

ऋजुरेषा

मला झांग झिडोंगची बाजू घ्यायची आहे. कांगने १०३ दिवसांत मागितलेलं बरंचसं १९०१ नंतर झांगनेच करून दाखवलं. दुसरा प्रांतपाल ल्यू क्वुनयी याच्याबरोबर त्याने तीन लांबलचक अर्ज दिले, १९०४ मध्ये शाळांची देशव्यापी रचना आली, आणि २ सप्टेंबर १९०५ च्या आज्ञेने परीक्षा कायमच्या बंद. पेकिंगात दंगा झाला नाही. कारण एका वाटेने जागा कमी करताना दुसऱ्या वाटेने शाळांच्या पदवीला तीच जुनी पदनामं जोडली होती.

पण त्याच्याही योजनेत एक सुरुंग होता. शाळांना इमारत आणि पैसा कुठून? १८९८ च्या पुस्तकातच हिशेब आहे: दर तालुक्यातल्या देवळा-मठांपैकी दहातली सात शाळांना, तीन पुजारी-भिक्षूंना. पुढे हे खरोखर होऊ लागलं. गावाने वर्गणी काढून बांधलेलं देऊळ गेलं, जत्रा गेली, वर शाळेचा कर आला. आणि शाळेत मुलं कुणाची, तर सावकार-जमीनदारांची. १९०५ नंतर गावोगाव शाळा फोडल्याच्या घटना आहेत. त्यांना 'अडाणी जमावाचा धिंगाणा' म्हणणं सोपं आहे. खर्च कुणी केला आणि फायदा कुणाला, एवढं विचारलं की त्या कळतात.

तळटीप

आता तोक्यो. १९०५ मध्ये तिथे क्रांतिकारक सुन यत-सेनची संघटना उभी राहिली आणि तिचं मुखपत्र 'मिन बाओ' निघालं. योकोहामाहून लियांगचं 'शिनमिन त्सुंगबाओ' १९०२ पासून चालू होतं. दोन वर्षं दोघांत जुंपली, आणि चीनमधल्या तरुणांनी चोरून का होईना, दोन्ही वाचली.

लियांगचं म्हणणं असं. प्रजा अजून नागरिक झालेली नाही. क्रांती झाली की यादवी, यादवी झाली की परक्यांची ढवळाढवळ आणि फाळणी. म्हणून आधी प्रबुद्ध हुकूमशाही, मग घटना. सुनच्या बाजूचं उत्तर: मांचू दरबार स्वतःच्या मुळावर येणारी घटना कशाला देईल?

जमिनीवरचा वाद सगळ्यात नेमका. सुनने डिसेंबर १९०६ च्या भाषणात गणितच मांडलं. समजा जमिनीची किंमत १,००० युआन. मालकाने १,००० जाहीर करावी, फार तर २,०००. पुढे रेल्वे आल्यामुळे ती १०,००० झाली, तर मालकाला २,०००, उरलेले ८,००० राष्ट्राचे. कल्पनेचं मूळ अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्जकडे. लियांगचा आक्षेप: शांघायसाठी ठीक, शेतीचं काय? चीनची आजची अडचण श्रीमंत फार असण्याची नाही, भांडवल नसण्याची आहे. परदेशी कंपन्यांशी टक्कर द्यायची तर देशी भांडवलदार वाढू द्यावा लागेल. माझ्या मते अर्थशास्त्रात लियांग वरचढ ठरला, तरुणांची मनं मात्र मिन बाओने जिंकली.

गोदाकाठ

मिन बाओचा विषय निघालाच आहे तर एक अस्सल मराठी धागा. एप्रिल १९०७ मध्ये तोक्योत हिंदी विद्यार्थ्यांनी शिवाजी उत्सव केला. हजर होता झांग बिंगलिन, मिन बाओचा संपादक आणि तीन वर्षांचा तुरुंगवास भोगून आलेला (सम्राटाला छापील लेखात 'विदूषक' म्हटल्याबद्दल). त्याने अंकात या सभेचा वृत्तांत लिहिला. जपानचा माजी पंतप्रधान काउंट ओकुमा याने भाषणात इंग्रजांची तरफदारी करून हिंदी लोकांना सबुरीचा सल्ला दिला, याचा त्याला मनस्वी राग आला होता. परकी राजवट उलथणारा राजा म्हणून शिवाजी त्याला जवळचा वाटला. त्याच वर्षी त्याने हिंदी मंडळींबरोबर आशियाई बंधुसंघ काढला.

हिशेबनीस

वा, हे इथे येईल असं वाटलं नव्हतं. पण झांग बिंगलिन क्रांतिकारक असून संसदेच्या विरोधात होता, हेही नोंदवा. १९०८ च्या लेखात त्याने आकडे मांडले. लोकसंख्या ४२ कोटी. सभागृहात ७०० माणसं बसवली तर ६ लाखांमागे एक प्रतिनिधी. जपानच्या प्रमाणात निवडायचे तर ३,००० च्या वर होतील आणि सभा चालणारच नाही. ६ लाखांत निवडून कोण येणार? ज्याचं नाव सगळ्यांना आधीच ठाऊक आहे तो, म्हणजे गावचा बडा. कर भरण्यावर मताधिकार ठेवला तर श्रीमंत प्रांतांची चांदी. त्यापेक्षा राष्ट्राध्यक्ष, स्वतंत्र न्यायसंस्था, स्वतंत्र शिक्षणखातं, आणि जमीन कसणाऱ्याची.

ऋजुरेषा

आणि वर्षभरात ताळा मिळाला. १९०९ च्या प्रांतिक सभांसाठी मतदार कोण? पुरुष, वय २५ पूर्ण, आणि ५,००० युआनची मालमत्ता, किंवा जुन्या परीक्षेची पदवी, किंवा माध्यमिक शाळेचं प्रमाणपत्र, किंवा तीन वर्षं शाळा वा लोकहिताचं काम. लोकसंख्येच्या अर्धा टक्काही मतदार झाले नाहीत. निवडून आले ते बहुतेक पदवीधर जमीनदार.

मात्र 'गावचे बडे' दरबाराचे मिंधे राहतील हा अंदाज चुकला. १९०८ च्या घटनेच्या आराखड्यात ९ वर्षांचा वायदा होता, त्यांनी तो कमी करा म्हणून एकामागून एक अर्ज केले. मे १९११ मध्ये मंत्रिमंडळ जाहीर झालं: १३ पैकी फक्त ४ हान (म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातले), आणि मांचूंतले बहुतेक राजघराण्यातले. त्याच महिन्यात प्रांतांच्या रेल्वे कंपन्या सरकारजमा करायची आज्ञा. सिचुआनमध्ये त्या कंपनीचे पैसे शेतसाऱ्याबरोबर सक्तीने वसूल केलेले, म्हणजे लहान शेतकरीही भागधारक. तिथे ऑगस्टपासून बाजार बंद, शाळा बंद. बंदोबस्ताला हुबेईतून फौज हलवली आणि वूचांगची छावणी अर्धी रिकामी झाली.

ऑक्टोबरमध्ये वूचांगच्या शिपायांनी बंड केलं तेव्हा हुबेईच्या प्रांतिक सभेचा अध्यक्ष तांग ह्वालोंग त्यांच्या मुलकी कारभारात सामील झाला. हा १९०४ च्या शेवटच्या राजपरीक्षेचा पदवीधर, पुढे जपानला जाऊन कायदा शिकलेला. लियांगचा संसदवादी गट तो पुढेही सोडत नाही.

भट्टीवाला

आणि हानयांगचा कारखाना वूचांगहून नदीपलीकडेच. बंडवाल्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शस्त्रागारासकट हानयांग घेतलं. झांग झिडोंगने उभारलेल्या फौजेनेच, त्याच्याच बंदुका घेऊन. तो स्वतः १९०९ मध्ये वारला होता.